आठ कोअर आणि एक कुऱ्हाड

२ मार्च, सकाळी ८.३०

आजपासून राग बंद.

डॉक्टरांनी बी.पी.चं यंत्र दोनदा लावलं, आकडा बघून तिसऱ्यांदा लावलं आणि म्हणाले, रागावर ताबा ठेवा. मी मुळात शांत माणूस आहे. हे त्यांना पटवून देताना टेबलावर हात आपटला, कारण टेबल जवळ होतं. त्यांचं पेन खाली पडलं. मीच वाकून उचलून दिलं. रागीट माणूस पेन उचलून देत नाही.

मनातलं वहीत लिहून काढा म्हणाले. म्हणून ही वही. कुणी वाचायची नाही. वाचली तर बघून घेईन.

२ मार्च, संध्याकाळी ७

दादाचा फोन! अकरा वर्षांनी. कामासाठी इकडे येतोय. बावीस तारखेला, रविवारी दुपारी घरी येईन म्हणाला. उतरणार मात्र हॉटेलात. सख्खा भाऊ असताना हॉटेलात? मी फक्त श्वास जोरात घेतला. त्यावर तोच घाईघाईने म्हणाला, "तो आपला गेम आहे का रे अजून?"

म्हणजे आव्हान. सरळसरळ.

आमचा गेम म्हणजे काय चीज होती! मी कुऱ्हाडवाला, दादा भालेवाला. एकच कीबोर्ड, डावी बाजू त्याची, उजवी माझी. मुंडकी उडायची, हात तुटायचे, रक्त स्क्रीनच्या काचेवर उडाल्यासारखं दिसायचं. दोघांच्या कुस्त्यांचा हिशोब जुन्या घराच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेला. २१२–२१२. शेवटची कुस्ती अर्धवट राहिली, कारण मध्येच दादाचे पुढचे दोन दात पडले. माझं कोपर बाणाच्या बटणांकडे निघालं होतं, त्याचं तोंड वाटेत आलं. ही हकीकत मी सगळ्या नातेवाइकांना सांगितली आहे. पुन्हा कुणी विचारत नाही, म्हणजे पटली आहे.

संकल्प: बावीसपर्यंत गेम चालू करणे. दादाला हरवणे. शांतपणे.

३ मार्च

सीडी सापडली. बुटांच्या खोक्यात होती. लेकीच्या कॉलेजसाठी गेल्या वर्षी नवा कॉम्प्युटर घेतलाय, त्यात आठ कोअरचा, म्हणजे आठ मेंदूंचा, प्रोसेसर आहे. त्या काळी एका कोअरवर गेम लोण्यासारखा चालायचा. आता आठ. म्हणजे आठपट चालेल. हिशोब सोपा आहे, लोक उगाच घाबरतात.

४ मार्च, संध्याकाळी

चालला. पण कुऱ्हाडवाला तीन पावलं पुढे, दोन पावलं मागे, मग एकदम भिंतीच्या आत. वार केला की आवाज चार सेकंदांनी. शत्रू आधी मरतो, मग त्याला कुऱ्हाड लागते. रक्त आधी, जखम नंतर. मध्येच सगळे दोन सेकंद पुतळ्यासारखे उभे, आणि मग अंगात आल्यासारखे धावतात.

माउस हातातून सुटला. भिंतीच्या दिशेने. वायर असल्यामुळे परत येऊन माझ्याच कानावर बसला. हा राग धरायचा नाही. जखमी मी झालोय.

५ मार्च

टायरच्या दुकानात कामात लक्ष नव्हतं. ट्रकचा टायर रिमवरून सोडवायचा म्हणजे घण हवा, लिव्हर हवी आणि डोकं थंड हवं. तिन्ही माझ्याकडे आहेत. माझ्याबरोबर काम करणाऱ्याला आम्ही 'हवा' म्हणतो. टायरमध्ये भरतो तीच, आणि बोलतो तीही तीच. त्याला गेमचं सांगितलं तर म्हणाला, "स्कूटरच्या रिमवर ट्रकचा टायर चढवताय राव तुम्ही."

मी त्याला समजावून सांगितलं. समजावताना घण हातात होता. घण निसटून ऑफिसच्या काचेतून आत गेला. आत कुणी नव्हतं, त्यामुळे चर्चेचं कारण नाही. हवा पोटात दुखतंय म्हणून लवकर घरी गेला. मी घण उचलला की हल्ली त्याच्या पोटात दुखतं. तब्येतीकडे लक्ष द्यायला सांगितलं पाहिजे.

७ मार्च, दुपारी

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे गेलो. माणूस हुशार पण बोलतो तोंडातल्या तोंडात. नीट ऐकू यावं म्हणून कॉलर धरून जवळ घेतला. अंगाने बारीक असल्यामुळे थोडा उचलला गेला. मग मात्र स्पष्ट बोलला, आणि वरच्या पट्टीत.

त्याचं म्हणणं असं: गेम जुना, एका कोअरच्या जमान्यातला. प्रत्येक कोअरचं घड्याळ थोडं थोडं वेगळं. गेम एकदा या कोअरला वेळ विचारतो, एकदा त्या कोअरला. कुणी सांगतं पाच वाजले, कुणी सांगतं पाचला दोन कमी. बिचारा गोंधळतो आणि मागे-पुढे नाचतो. उपाय एकच, गेमला एकाच कोअरला बांधायचं. बाकीच्या सातांकडे फिरकू द्यायचं नाही.

म्हणजे बारभाईंचा कारभार! एवढं साधं होतं. त्याचे आभार मानले, खाली ठेवला. पुन्हा दुकानात येऊ नका म्हणाला. काम एकाच भेटीत झाल्यावर यायचं कशाला?

८ मार्च, रविवार

एकच कोअर ठेवायचा, तर बाकीचे सात काढले की झालं. दुकानातली लिव्हर घरी आणली, कॅबिनेट उघडलं. आत शोध शोध शोधलं. आठही कोअर म्हणे एकाच चिपमध्ये असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. शुद्ध फसवणूक. तेवढ्यात पंख्याने बोट कापलं. मी पंख्याला उत्तर दिलं.

संध्याकाळी लेकीने नवा पंखा आणून बसवला. मी बसवणारच होतो.

१० मार्च

टास्क मॅनेजर नावाचं एक दालन आहे. तिथे चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमची नावं असतात. तिथे गेमवर राइट क्लिक करून कोअर निवडायचे. आठ खुणा असतात, सात काढायच्या. पण नावं शेकड्याने, त्यातलं एकही ओळखीचं नाही. एक संशयास्पद वाटलं, ते संपवून टाकलं. स्क्रीन काळी. सात वेळा चालू केलं, सात वेळा मी कुणाला तरी संपवलं, सात वेळा काळी.

कीबोर्ड गुडघ्यावर घेतला. टिकाऊपणा तपासायला. टिकला नाही. बटणं घरभर. एंटर माझ्या बुटात सापडलं. नवा कीबोर्ड लेकीने आणला.

हिने काचेचे ग्लास, काचेच्या बरण्या, आरसा असं सगळं माळ्यावर नेऊन ठेवलंय. आता घरात फक्त स्टील. विचारलं तर म्हणाली, "स्टील बरं पडतं." बायकांच्या आवडी अशा अचानक बदलतात.

११ मार्च

लेक म्हणाली, "बाबा, मी करून देऊ? पाच मिनिटांचं काम आहे." म्हटलं, हा दोन भावांच्या इभ्रतीचा प्रश्न आहे, पोरींनी मध्ये पडू नये. तिने कानावर हेडफोन चढवले. हल्ली मी खोलीत पाय ठेवला की हेडफोन लागतात. अभ्यासू आहे.

१३ मार्च, दुपारी ४

मुळावर घाव घातला. कॉम्प्युटर चालू होतानाच एक बटण दाबलं की निळं पान येतं, तिथून थेट प्रोसेसरलाच हुकूम देता येतो. सात कोअर बंद! एकच ठेवला. विजय.

गेम उघडायला अकरा मिनिटं लागली. मग उघडलाच नाही. उद्या बघू.

१४ मार्च, संध्याकाळी

आज लेकीची ऑनलाइन परीक्षा होती. तिसऱ्या प्रश्नावर कॉम्प्युटर गोठला तो गोठलाच. सात कोअर बंद आहेत हे मला आठवलं, पण परीक्षा चालू असताना मुलांना डिस्टर्ब करू नये.

नंतर तिला समजलं. ओरडली नाही. नुसतं विचारलं, "का केलंत, बाबा?" म्हटलं, काकासाठी. त्यावर म्हणाली, "काका गेमसाठी येत नाहीये. आईने चार वेळा फोन करून बोलावलंय त्याला. तो नाहीच म्हणत होता." मग बॅग घेऊन मैत्रिणीकडे राहायला गेली. हवापालट बरा असतो.

हिने बोलावलं? दादाला? म्हणजे मी जिंकताना बघायची हिलाही इच्छा आहे. आधी सांगायचं ना.

१४ मार्च, संध्याकाळी, थोड्या वेळाने

विचारलं हिला. म्हणाली, "तुम्ही फक्त त्यांचंच ऐकायचात. म्हणून बोलावलं." कशाबद्दल ऐकायचं, ते सांगेना. बेडरूमच्या दारावर हात टेकला. दार पातळ निघालं. हात आरपार गेला.

१५ मार्च, रविवार, सकाळी

डाव्या हाताला प्लास्टर. करंगळीमागचं हाड जरासं तडकलंय. ही हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते, त्यामुळे रांगेशिवाय एक्स-रे झाला. ओळखीचा फायदा.

तिथल्या नर्सने हिला बाजूला घेऊन काहीतरी विचारलं. मला वाटतं, हिची रजा शिल्लक आहे का वगैरे. हिचं उत्तर तेवढं ऐकू आलं. "नाही हो. दारंच फोडतात. अजून."

'अजून' या शब्दाचा तिथे काय संबंध? भाषा हिची पहिल्यापासून कच्ची.

१५ मार्च, दुपारी

खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड मास्तर तक्रार घेऊन वर आले. आमच्याकडून धडाधड आवाज येतात, त्यांच्या छताचे पोपडे पडतात, काल दिवा पडला. वय शहात्तर. मी प्लास्टर नसलेल्या हाताने बोलत होतो. ते काठी उगारून, तोंड माझ्याकडे ठेवून, जिना उलटा उतरायला लागले. पडतील म्हणून मी काठी धरली. ते ओढायला लागले, मीही ओढली. काठी मोडली. दोन्ही तुकडे त्यांना घरपोच दिले. दार उघडलं नाही, म्हणून उंबऱ्याशी ठेवून आलो.

शेजारधर्म एकतर्फी असतो.

१८ मार्च

तीन दिवस मालकाने दुकानात घण दिला नाही. हवा भरायच्या नळीवर बसवलंय. हवा माझ्या जागी. आज तो शीळ घालत काम करत होता. पोट बरं दिसतंय.

घरी गेम अजूनही तसाच. आठ कोअर पुन्हा चालू केलेत. कुऱ्हाडवाला अजून भिंतीत राहायला जातो. चार दिवस उरले. दोनपैकी एका स्पीकरला लाथ मारली. मोजत नाही, स्पीकर आधीच खराब होता. लाथेनंतर झाला, पण होणारच होता.

१९ मार्च, संध्याकाळी

गेम चालू!!!

ही लॅबमधून आली, पर्स ठेवली, कॉम्प्युटरसमोर बसली. इंटरनेटवर एक पान वाचलं. गेमचा शॉर्टकट उघडून त्यात एक ओळ लिहिली. आता गेम उघडला की आपोआप पहिल्याच कोअरवर जाऊन बसतो, बाकीच्या सातांचं तोंडही बघत नाही. दहा मिनिटं लागली. मी मागे उभा राहून मार्गदर्शन केलं.

कुऱ्हाडवाला चालला! एक पाऊल, दुसरं पाऊल, तिसरं. मागे नाही, भिंतीत नाही. कुऱ्हाड उगारली, खाली आली, मुंडकं उडालं, आणि आवाज त्याच क्षणी. हिच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा दगडासारखा झाला. दिवसभर मायक्रोस्कोपवर वाकून आखडला असेल.

ही म्हणाली, "झालं? आता रविवारी मला तुमच्याशी बोलायचंय." म्हटलं, आत्ता बोल की. म्हणाली, "नको. दादा असताना."

२१ मार्च, शनिवार

दिवसभर सराव. सुमारे नऊशे ठार. डाव्या हाताची तीन बोटं प्लास्टरबाहेर आहेत, ढाल धरायला तेवढी बस. आज घरातलं काहीही फुटलं नाही. घरात फोडण्यासारखं फार उरलेलं नाही हा भाग वेगळा.

लेक परत आली. हिने बोलावून घेतली. सगळे माझी मॅच बघायला जमताहेत.

२२ मार्च, दुपारी १

दाढी केली. इस्त्रीचा शर्ट. बेडरूमच्या दारातल्या भोकावर कॅलेंडर लावलं. हॉलच्या दारावर आधीचं एक कॅलेंडर आहेच. दादा विचारेल, एवढी कॅलेंडरं कशाला? सांगेन, आम्ही वेळेचे पक्के.

२२ मार्च, संध्याकाळी ६.३०

नीट लिहितो. जसं झालं तसं.

दादा बरोबर दोनला आला. केस पांढरे. दात एकसारखे, छान बसलेत. हॉलमध्ये चार खुर्च्या होत्या, तो दाराजवळच्या खुर्चीवर बसला. बूट काढले नाहीत. म्हटलं, लांबून कसा खेळणार? मग खुर्ची ओढून कीबोर्डपाशी आला, पण आमच्या दोघांत लेकीची जाड पुस्तकं उभी रचली. चहाचा कप ठेवायला असेल. कप मात्र खाली ठेवला.

पाच फेऱ्यांची कुस्ती ठरली. पहिली माझी. दुसरी त्याची. भाला लांबून फेकायची त्याची जुनी खोड अजून तशीच आहे, आणि मी अजून तसाच फसतो. तिसरी त्याची. चौथी माझी. मध्ये एकदा तो हसला. लहानपणी हसायचा तसा, नाकातून. मलाही हसू आलं. ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. लेक टेबलाच्या कडेला बसून बघत होती. हेडफोन नव्हते.

पाचवी. दोघांचंही आयुष्य नखाएवढं उरलेलं. गेम एवढा स्मूथ की भाल्याचं टोक येताना दिसलं. बसलो, उठलो, कुऱ्हाड घातली. भालेवाला दोन तुकडे.

२१३–२१२.

मी उठलो. खुर्ची मागे पडली. दोन्ही हात वर केले आणि ओरडलो.

मी बघितलं. दादाने हात आडवा करून तोंडावर धरला होता. पन्नाशी उलटलेला माणूस, डोळे मिटलेले. ही दारात होती, तिथेच खाली बसलेली, दोन्ही हात डोक्यावर. लेक अर्धी टेबलाखाली. कीबोर्ड तिने छातीशी धरलेला.

तिघांनी एकाच वेळी. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

मी मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून.

मागे कुणी नव्हतं. माझे हात अजून वर होते. म्हटलं, "अरे, जिंकलो मी." हात खाली घेतले, तर लेकीने डोकं आणखी आत घेतलं. म्हणून हात तिथेच थांबवले, मध्येच. मग हळूहळू आणले. बराच वेळ लागला. स्क्रीनवर कुऱ्हाडवाला नाचत होता.

दादाने तोंडावरचा हात काढला. "हो, हो. जिंकलास. मस्त जिंकलास," म्हणाला. दुसऱ्याच्या कुत्र्याशी बोलावं तसं.

मग ही बोलली. उभी राहूनच, दाराची चौकट धरून. ती आणि लेक काही दिवस तिच्या बहिणीकडे राहणार. किती, ते माझ्यावर आहे. मास्तरांना नवी काठी तिने आणून दिली आहे. दुरुस्तीवाल्याची माफी मागून आली आहे. आता ती कुणाची माफी मागणार नाही. आवाज एकदाही चढला नाही. सरावाने पाठ केल्यासारखं बोलली.

दादा म्हणाला, "मी उद्या सुट्टी घेतली आहे. आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ. मनाच्या." मी त्याला म्हणणार होतो की तुझे दात हा अपघात होता. तोंड उघडलं. त्याचा हात किंचित वर आला. तोंड मिटलं.

म्हणालो, "बरं."

चार वाजता तिघंही गेले. बॅगा आधीच भरलेल्या होत्या. दाराशी लेकीने खाली वाकून माझी पडलेली खुर्ची सरळ केली, आणि गेली.

२३ मार्च, दुपारी ३

बाकावर दादाशेजारी तास दीड तास बसलो. मध्ये त्याची बॅग.

डॉक्टर बाई होत्या. टेबल बरंच लांब होतं. विचारलं, हे कधीपासून? मी म्हणालो, आठ कोअर आल्यापासून. त्यांनी दादाकडे पाहिलं. दादाने सांगितलं. मी सात वर्षांचा असल्यापासून सांगितलं. त्याला सगळं क्रमाने आठवतं. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीचं काहीतरी कारण होतं, पण एकामागोमाग एक ऐकताना ती कारणं मध्ये घालायला जागाच मिळेना.

गोळ्या दिल्या. दर सोमवारी यायचं. दादा स्टेशनवर गेला. जाताना पाठीवर हात ठेवला, पटकन काढला.

२३ मार्च, संध्याकाळी ६

घरात मी. गेम लावला. एकाच कोअरवर, कुठे अडत नाही, कुठे उडी मारत नाही. कुऱ्हाडवाला उभा. समोर भालेवाला उभा. त्याच्या बटणांवर कुणाचा हात नाही, त्यामुळे नुसता श्वास घेतोय. दोन घावांत संपला असता. बराच वेळ दोघंही तसेच उभे होते. बंद केला.

मेव्हणीकडे फोन लावला. लेकीने उचलला. जेवलात का, विचारलं. म्हटलं, हो. जेवलो नव्हतो. आईला दे, म्हणालो. ओरडल्यासारखं वाटू नये म्हणून जपून, अगदी हळू.

"बाबा," ती म्हणाली, "तुमचा आवाज येत नाहीये."